जुळलेल्या भुवयांचा मेकॅनिक

"नाकाचा शेंडा खाली वाकलाय," आई फोटोवर भिंग फिरवत म्हणाली. "असा माणूस जीव लावत नाही. नको."

लग्नासाठी नाकारलेला हा अकरावा मुलगा. छकुलीने निमूटपणे फोटो पाकिटात परत घातला. तिचं वय एकोणतीस, फोटो स्टुडिओत रिटचिंगचं, म्हणजे फोटोतल्या चेहऱ्यांवरचे डाग पुसायचं, काम करून सात वर्षं झालेली, तरी घरात ती छकुलीच होती. गेल्या वर्षी आईने रद्दीच्या दुकानातून चेहरा वाचण्याचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि तेव्हापासून तिच्यासमोर चेहरा घेऊन बसायची कुणाची हिंमत होत नसे. दूधवाल्याच्या कपाळावरून तिने त्याच्या बायकोचा स्वभाव सांगितला होता. बाबांचीही सुटका नव्हती. "यांची हनुवटी चुकीचीच आहे," ती म्हणे, "पण लग्न ठरलं तेव्हा माझ्याकडे पुस्तक नव्हतं." बाबा हल्ली हनुवटी वर्तमानपत्राआड ठेवत.

अकरा मुलगे बाद झाल्याचं छकुलीला काडीचंही दुःख नव्हतं. तिचा जीव टांगणीला लागला होता तो बाराव्यासाठी. स्टुडिओशेजारच्या दुरुस्तीच्या दुकानात एक मेकॅनिक होता. त्याने वर्षभरात सहा वेळा पासपोर्ट फोटो काढून घेतले होते आणि पासपोर्ट काढायचा त्याचा मुळीच विचार नव्हता. सहाव्या वेळी त्याने धीर करून लग्नाचं विचारलं. ती हो म्हणाली. राहता राहिली आई, आणि मेकॅनिकच्या भुवया. त्या मधोमध जुळलेल्या होत्या.

नेमक्या याच कारणावरून सातवा मुलगा बाद झाला होता. "जुळलेल्या भुवया म्हणजे संशयी नवरा," आईने पान एकशे बारा उघडून बजावलं होतं. "भाजीवाल्याशी दोन शब्द जास्त बोललीस तर उलटतपासणी घेईल."

मग छकुलीने जे रोज परक्यांसाठी करायची ते एकदा स्वतःसाठी केलं. आधी मेकॅनिकच्या फोटोत दोन भुवयांमधले केस पुसले. मग ओठाखालचा तीळ, कारण पुस्तकाच्या मते तिथला तीळ भांडखोर असतो. एकदा हात चालायला लागल्यावर थांबवेना. कानाच्या पाळ्याही तिने जरा खाली ओढल्या. लांब पाळीचा नवरा बायकोचं ऐकतो, असं पुस्तकात होतं.

आईने फोटो घेतला. पाच मिनिटं ती त्यावर भिंग फिरवत राहिली. मध्ये एकदा भिंग पदराने पुसून पुन्हा बघितलं.

"रविवारी बोलाव," ती म्हणाली. "हा चेहरा मला समोर बसवून बघायचाय."

छकुलीच्या तोंडचं पाणीच पळालं. दुसऱ्या दिवशी तिने मेकॅनिकला पार्लरचा पत्ता दिला.

"तुझ्या आईला माझ्या भुवया चालत नाहीत?"

"आईचं सोड, पुस्तकाला चालत नाहीत."

"आणि कानाच्या पाळ्या? त्या कुठून ओढून आणू?"

"केस वाढलेत ना? झाक त्यांच्याखाली. तिळावर लावायला मी क्रीम देते."

रविवारी बिचारा सगळं करून आला; छकुली त्याला कोपऱ्यावरून घरी घेऊन आली. भुवयांच्या मधली जागा लालेलाल झाली होती. पण दारात पाऊल टाकलं आणि तो जागीच थबकला.

"हे तुझं घर?" तो कुजबुजला. "अगं, गेल्या महिन्यात इथलं वॉशिंग मशीन मीच दुरुस्त केलंय!"

"आईने तुला नीट पाहिलं होतं?"

"दीड तास. समोर स्टूल टाकून बसल्या होत्या."

परत फिरायला आता वेळ नव्हता. आई दारात येऊन उभी होती. तिने पाहुण्याला खिडकीसमोर उजेडात बसवलं, भिंग काढलं आणि डावीकडून, उजवीकडून, मग खाली वाकून असं यथासांग निरीक्षण केलं. मेकॅनिकने श्वास रोखून धरला होता.

"चेहरा निर्दोष आहे," ती अखेर म्हणाली. छकुलीला हायसं वाटलं. "पण खरं सांगू? मनात भरत नाही. मागच्या महिन्यात मशीन दुरुस्त करायला एक मुलगा आला होता. एक स्क्रू सापडेना, तर अर्धा तास जमिनीवर पालथा पडून शोधत होता. आणि भुवया काय जुळलेल्या! तसा जावई मिळाला असता तर डोळे मिटून हो म्हटलं असतं."

"पण पान एकशे बारा?" छकुली जवळजवळ ओरडलीच.

"पुस्तक लिहिणाऱ्याने त्याला कुठे पाहिलंय?"

मेकॅनिकची पंचाईत झाली. 'तो मीच' म्हणावं तर लबाडी उघडी पडणार, न म्हणावं तर नकार ठरलेला. "चहा आणते," म्हणून आई आत गेली, कप घेऊन आली. दोनच मिनिटांत आतून मशीनची धडधड सुरू झाली. आधी हळू, मग घर हादरेल अशी.

उठू नकोस, असं छकुलीने त्याला डोळ्यांनी दटावलं. मेकॅनिकने चहाचा घोट घेतला. धाड. कप खाली ठेवला. धाड धाड. त्याच्या कपाळावर घाम आला, तो त्याने बाहीने पुसला, ओठाखालीही पुसला, आणि तीळ बाहेर आला. तिसऱ्या धडाक्याला तो उठलाच. आत जाऊन त्याने मशीन बंद केलं, केस मागे सारून कान लावला, झाकण उघडलं.

"काकू, एवढं जड पांघरूण एकटं टाकायचं नाही," तो तिथूनच ओरडला. "मागच्या वेळी सांगितलं होतं ना, तोल जातो!"

बोलला आणि त्याने जीभ चावली. छकुलीने डोळे गच्च मिटून घेतले.

आई शांतपणे त्याच्याजवळ गेली. तिने भिंग त्याच्या भुवयांच्या मधोमध धरलं. "चला, एक-दोन केस यायला लागलेत."

"आई! तू ओळखलं होतंस?"

"फोटोतच. दीड तास बघितलेला चेहरा मी विसरेन होय? लपवाछपवीतही हा तसाच राहतो का, तेवढंच बघायचं राहिलं होतं. मशीन वाजतंय आणि हा चहा पितोय, असं झालं असतं तर मात्र नकोच म्हटलं असतं. पांघरूण मीच टाकलं. धुतलेलंच होतं."

वर्तमानपत्र खाली आलं. हनुवटीसकट बाबा हसत होते.

"म्हणजे... हो?" छकुलीने विचारलं.

"आधी भुवया येऊ देत. त्याशिवाय लग्नाचा फोटो काढायचा नाही." आईने पाकिटातून तो फोटो काढून छकुलीच्या हातात दिला. "आणि हा स्टुडिओत लाव, गिऱ्हाइकांना दाखवायला. काम छान झालंय. फक्त डावी पाळी जरा जास्त ओढलीयस."