शेषरावच्या जीपचा फाटलेला पाइप

शेषराव जीपच्या रेडिएटरमध्ये पाणी घालण्याआधी ते स्वतः पिऊन पाहतो. घोटभर तोंडात घेतो, इकडून तिकडे फिरवतो, डोळे मिटतो. गोड लागलं तर गिळतो आणि उरलेलं जीपला देतो. खारट लागलं तर थुंकतो, आणि पाणी आणणाऱ्याकडं असं पाहतो, जसं त्यानं लेकराला विष आणून दिलं.

अमरावतीत लोक हसतात. पण बडनेरा सोडून अकोल्याकडं निघालं की खारपाणपट्टा लागतो. तिथल्या विहिरी, बोअर, सगळं खारट. त्यामुळं माणूस येडा आहे असं म्हणता येत नाही. पुरता येडा आहे, असं तर नाहीच म्हणता येत.

शेषराव माझा शेजारी. त्याच्या वावरात आणि माझ्या वावरात एक धुरा, म्हणजे मातीचा बांध, त्याच्या घरात आणि माझ्या घरात एक तारेचं कुंपण. सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी, वांगी लावतो आणि जीपमध्ये भरून मंडईत नेतो. वय अठ्ठावन्न, लग्न नाही. दोन बहिणी उजवता उजवता आणि अंथरुणावरच्या आईचं करता करता राहून गेलं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "माही जीप हाये ना. रुसत नाई, फुगत नाई, माहेरी जात नाई." रोज सकाळी जीपशी अर्धा तास बोलायचा. आम्हाला कुंपणापलीकडून सगळं ऐकू यायचं. माझी बायको म्हणायची, "इतकं तं तुमी माह्याशी वर्षभरात नाई बोलले." खरं होतं. ती गेली त्याला आता आठ महिने झाले.

जीपच्या सीटखाली त्याची एक पिशवी असते. तिच्यात सायकलच्या ट्यूबचे तुकडे, तार, सुतळी, साबणाची वडी. मेकॅनिकचं तोंड तो पाहत नाही. रेडिएटरचा पाइप चिरला तेव्हा ट्यूब गुंडाळून, तार आवळून त्यानं तो अकरा वर्षं चालवला. मी म्हटलं, नवा घाल. तर म्हणे, "नवा कायले? जुन्याले सवय झाली हाये."

तर हा माणूस एक दिवस धुऱ्यावर आला. मी भेंडी तोडत होतो.

"भाऊ, रविवारी अकोल्याले येता का?"

"काय हाये अकोल्यात?"

तो आपल्या चपलीकडं पाहत म्हणाला, "एक बाई पाहाची हाये."

"कोनासाठी?"

"आता काय जीपसाठी पाहू?"

मी भेंडी तोडत राहिलो. हसलो असतो तर तो पुन्हा कधी बोलला नसता.

बाईचं नाव मंगला. पन्नाशीची, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. भावाकडं राहते, शिवणकाम करते. बोलणं दोनदा ठरलं होतं आणि दोन्ही वेळा हा गेला नव्हता. एकदा सांबार काढायला आला होता म्हणून, आणि एकदा नुसताच घाबरला म्हणून. भावानं फोनवर साफ सांगितलं होतं, "रविवारी साडेअकरापर्यंत या. एकच्या गाडीनं मला नागपूरला जायचं आहे. या वेळी नाही आले तर विषय बंद."

रविवारी सकाळी जीप पाहिली तर ओळखू येईना. धुतलेली, पुसलेली, सीटवर चादर. शेषराव पांढऱ्या शर्टात. मी बसलो, पाय ताणले, तर सीटखाली पिशवी नाही.

"पिशवी कोठी गेली?"

"घरी ठेवली. लोकायच्या घरी जाऊन राहिलो, भंगार घेऊन जाता का? पाइप बी नवा टाकला."

"काहून?"

"पाव्हण्यायनं बॉनेट उघडून पाह्यलं तं?"

आता बाईकडचे लोक नवरदेवाचं बॉनेट कशाला उघडून पाहतील? पण त्याच्या मनात ते बसलं होतं. 

मूर्तिजापूरच्या अलीकडं एका फाट्यावर फट्टकन आवाज आला आणि समोर वाफच वाफ. शेषरावनं जीप बाजूला घेतली. इंजिन थंड होईस्तोवर थांबायला पाहिजे, हे दुनियेला तोच सांगतो. त्या दिवशी त्यानं लगेच हात घातला. तांबूस गरम पाणी उसळून शर्टावर आलं. हात भाजला तो वेगळाच.

नवा पाइप बोटभर फाटला होता. अकरा वर्षांचा जुना टिकला आणि हा पहिल्याच फेरीत गेला. 

पिशवी घरी. मी खांद्यावरचा दुपट्टा फाडला आणि चिंध्या करून दिल्या. त्यानं त्या पाइपावर गुंडाळल्या, जीपच्या ताडपत्रीची दोरी सोडून आवळल्या. आता पाणी पाहिजे. शेजारच्या वावरात बोअर चालू होता, तिथून मी बादली भरून आणली. शेषरावनं घोट घेतला आणि थुंकला.

"खारं हाये. हे पाजलं तं रेडिएटरच्या पोटात मुतखडा होईन."

"अरे, अकोल्यापुरतं टाक ना बाप्पा!"

"नाई जमत, भाऊ."

बोअरवाली म्हातारी धुऱ्यावरून पाहत होती. म्हणाली, "आमी जनमभर हेच पेलो, अन तुह्या डबड्याले नाई चालत? कोन्या राजाची अवलाद हाये थे?"

"गोडं पानी नाई का, मावशी?"

"नळाले येते, चार दिवसातून एकदा. थे प्याले हाये. गाडीले देऊ काय?"

शेषराव म्हणाला, "नाई, तुमचं प्याचं नको." आणि येऊन बंपरवर बसला. साडेदहा वाजत आले होते. फोन हातात धरून होता, लावत नव्हता.

तेवढ्यात दुरून अकोल्याची एसटी दिसली.

"जाय," मी म्हटलं.

"अन गाडी?"

"मी बसतो हिच्यापाशी."

तीस वर्षांत या माणसानं ही जीप कोणाच्या भरवशावर सोडली नव्हती. बहिणीच्या लग्नातसुद्धा मांडवातून दोनदा उठून पाहून आला होता. तो जीपकडं पाही, मग एसटीकडं पाही.

"भाऊ, हा शर्ट."

शर्टावर तांबूस नकाशा उमटला होता. मी माझा काढून दिला, त्याचा मी घातला. दोन म्हातारे हायवेवर उघडे उभे, आणि ती बोअरवाली पदर तोंडाला लावून हसत होती. माझा शर्ट त्याला ढगळ झाला. किल्ली त्यानं माझ्या हातात ठेवली, पुन्हा घेतली, पुन्हा ठेवली. मी हात आडवा घातला, एसटी थांबली. तो चढला. खिडकीतून ओरडला, "बॉनेट उघडंच राहू द्या! तिले हवा लागू द्या!"

मी बाभळीच्या सावलीत बसलो. तीनचार जण थांबून सल्ला देऊन गेले. उपाशी होतो, पण घरी असतो तरी सकाळचीच भाकर खाल्ली असती. बसायचं तर घरी काय आणि रस्त्यावर काय. इथं निदान गाड्या जात होत्या.

तीनच्या सुमाराला पलीकडच्या अंगाला एसटी थांबली आणि शेषराव उतरला. एका हातात पाण्याची कॅन आणि काखेत पाइप, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा.

"काय झालं?"

डबा माझ्याजवळ ठेवला आणि बॉनेटखाली शिरला. पाइप बसवला, पट्टी आवळली, पाणी घातलं. मग तिथूनच, आत तोंड घालून म्हणाला, "नाई जमलं, भाऊ."

"काय म्हने?"

"काहीच नाई. तिचा भाऊच बोलला, वावर किती, पानी किती. मग त्याच्या गाडीची वेय झाली, थो गेला. बाई चहा घेऊन आली तवा म्हने, एकटेच आले का? मी म्हनलं, आमचे भाऊ गाडीपाशी बसून हायेत. थे म्हने, उन्हात? जेवले का थे? मी म्हनलं, कुठचं जेवन. तं उठली अन आत गेली. अर्धा घंटा मी भिंतीकडं पाहत बसलो. मग हा डबा आनून ठेवला. म्हने, पह्यले त्यायले द्या. संपलं. मले एक शब्द नाई विचारला."

मी डबा उघडला. ज्वारीच्या भाकरी, झुणका, लाल मिरचीचा ठेचा, एका कोपऱ्यात कागदात गुंडाळलेला गूळ. भाकर अजून मऊ होती. आठ महिन्यांत माझ्यासाठी कोणी बाईमाणसानं भाकर थापली नव्हती. अर्धी त्याला दिली. दोघं जीपला टेकून जेवलो. मी शेवटचा घास गिळला आणि विचारलं,

"डबा कोनाचा हाये?"

"तिचाच."

"मंग वापस द्याले जा लागन ना?"

शेषराव चावता चावता थांबला.  हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या घरी डबा आलाही नाही आणि गेलाही नाही, त्याला कुठून कळावं.

"पन रिकामा डबा तं देत नाईत ना, भाऊ? माय म्हने तसं काई."

"नाई देत."

"मंग त्यात काय टाकतेत?"

माझी बायको कोणाचं भांडं रिकामं पाठवत नसे. वावरातलं जे असेल ते. काहीच नसलं तर चिमूटभर साखर. मी गुळाच्या कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. पाणी प्यालो.

"साखर," मी म्हटलं. "अन एसटीनं नको, जीपनंच जाजो."

"येत्या रविवारी?"

"त्याच्या आधी बी चालते."

त्यानं डबा कॅनमधल्या पाण्यानं धुतला, शर्टाला पुसला. माझा शर्ट होता. मागं ठेवायला गेला, थांबला, आणि आणून माझ्या मांडीवर दिला.

"धरून बसा, भाऊ. मागं आदळन."

डबा रिकामाच होता. पण मी तो अमरावतीपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसलो.