तीन नंबरचं वाहन

"आठ महिने वेगळ्या राहिलेल्या दोन ब्रँच? त्यात काय एवढं! जेवणाच्या सुट्टीत मर्ज करून टाकतो!"

भर ऑफिसात असं म्हणणारा तो शहाणा म्हणजे मी, तालाय.

बिश्केकमधल्या आमच्या ऑफिसात रुग्णवाहिका पाठवणारा प्रोग्रॅम लिहितात. फोन आला की कुठलं वाहन कुठे धाडायचं, ते तो ठरवतो. त्याची एक ब्रँच, म्हणजे वेगळी वाढवलेली प्रत, आमची, शहरासाठी. दुसरी नारीनच्या डोंगरांसाठी, तिकडच्या मुलींनी लिहिलेली. भांडून वेगळ्या झालेल्या जावांसारख्या दोघी आपापल्या घरी वाढल्या होत्या!

"सगळं एकदम ओतू नकोस हं," बुरुलकान-एजे म्हणाल्या. आमच्यात सगळ्यांत अनुभवी त्याच, सगळ्यांच्या एजे, म्हणजे ताई.

"एजे, तुम्ही निवांत चहा घ्या!"

दोन्ही एकत्र करताना मशीन एकशेबारा ठिकाणी अडलं. 'ही ओळ दोन्हीकडे बदललीय, कुठली ठेवू?' मी एकशेबारा वेळा सांगितलं, आपलीच ठेव! पुढ्यातल्या लगमानच्या शेवया निवायच्या आत काम फत्ते. प्रोग्रॅमच्या तपासण्या? त्या कोण चालवतो! थेट चालू करून टाकलं.

पंधराव्या मिनिटाला कंट्रोल रूममधून गुलसानाचा फोन.

"तालाय! इथे शहरात सहाव्या मिक्रोरायोन वसाहतीत एका आजोबांच्या छातीत दुखतंय आणि तुझं मशीन म्हणतंय, घोडा पाठवा!"

"घोडा?"

"घोडा! खोगिरासकट!"

"आणि आजोबा?"

"मी फोन करून गाडी पाठवली, पोचली ती. पण घोडासुद्धा निघालाय!"

तेवढ्यात नारीनहून, डोंगरात औषधं पोचवणारे घोडेस्वार जुमाश-आके फोनवर आले. "बाळा, औषधांची पेटी घेऊन निघालोय. तीनशे किलोमीटरचं काही नाही, पण तुझं ते सहावं मिक्रोरायोन घाटाच्या अलीकडे की पलीकडे?"

एजेंनी कप ठेवला आणि दोन मिनिटांत जुना प्रोग्रॅम परत आणला. आकेंना माघारी वळवलं. मग मला म्हणाल्या, "बस इथं."

तीन दिवस मी आ वासून बसलो होतो! त्यांनी दोन्ही ब्रँच बाजूला एका नव्या जागी घेतल्या. एकेका आठवड्याचं काम उचलायचं, मिसळायचं, सगळ्या तपासण्या चालवायच्या, मगच पुढचा आठवडा. घोडासुद्धा सापडला. आमच्याकडे तीन नंबर म्हणजे छोटी गाडी, नारीनकडे घोडेस्वार! फायली वेगळ्या, त्यामुळे मशीनला त्यात भांडण दिसलंच नव्हतं.

एका ओळीपाशी एजे थांबल्या. नारीनच्या मुलींपैकी आयझिरेकला फोन लावला. "हे कशासाठी गं?"

"एजे, जानेवारीत पूल बर्फाखाली गेला. एक बाळंतीण पलीकडे अडकली होती. तेव्हा लिहिलं."

एजेंनी ती ओळ अलगद जागेवर ठेवली. त्या ओळीत एक अख्खा हिवाळा होता, आणि मी ती 'आपलीच ठेव' म्हणून पुसली होती!

तिसऱ्या दिवशी दुपारी नऊशे तपासण्या एकापाठोपाठ एक पास होत हिरव्या झाल्या. जैलूवर, डोंगरातल्या कुरणावर, गवत उगवताना बघावं तसा मी बघत राहिलो.

"एजे," मी हात जोडले, "हे कुठं शिकलात?"

"इथंच. तुझ्याएवढी असताना मीसुद्धा जेवणाच्या सुट्टीत मर्ज केलं होतं."

"मग? घोडा निघाला?"

"हेलिकॉप्टर," एजे चहा फुंकत म्हणाल्या. "परत आणायला दोन देशांना पत्रव्यवहार करावा लागला."