पाटणकर साहेबांचा कान

वापीजवळच्या सायली गावातल्या आमच्या कारखान्यात मोठे साहेब एकदा पाटणकरांना भरपूर झापत होते. पाटणकर मान खाली घालून ऐकत होते. आम्हाला वाटलं, ओशाळलेत. तेवढ्यात ते गुडघ्यांवर बसले आणि थेट साहेबांच्या खुर्चीखाली शिरले.

"सर, जरा उठता का? तुम्ही रागावलात की ही डावीकडून कुरकुरते."

उरलेलं झापणं साहेबांना उभ्यानं पूर्ण करावं लागलं.

पाटणकर म्हणजे आमचे मेंटेनन्स मॅनेजर. मूळचे नाशिकचे, पन्नाशीतले, अंगानं किरकोळ, कान मात्र ऐसपैस. धाग्याची यंत्रं सुरू झाली की आम्हाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, पाटणकर दारातूनच सांगत, "कोपऱ्यातल्या मशीनचं बेअरिंग बघा." कुठलाही आवाज आला की त्यांचा प्रश्न ठरलेला, "रुसलाय की दुखावलाय?" रुसलेल्याला तेल-ग्रीस पुरतं. दुखावलेला असेल, तर आत काहीतरी मोडतंय. मध्येच कुणी बोललं, तर ओठांवर बोट ठेवून दटावत, "आधी ऐका!"

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी एक जुनी मोटार घेतली होती. स्टिअरिंग वळवलं की दांड्यातून 'कर्रर्र' असा आवाज यायचा. आमली नाक्यावर वळलो की पानवाला मान वर करून बघायचा. सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, तेव्हा आठवा महिना होता आणि तिच्या डॉक्टरीणबाई वापीला. गॅरेजवाल्या जयंतीभाईंनी दोनदा स्टिअरिंग फिरवलं आणि निकाल दिला, "बॉक्स गयो, साहेब. स्टिअरिंग कभी भी जाम होगा. नवो बॉक्स आवतां महिनो लागशे." बॉक्स म्हणजे दांड्याच्या खालच्या टोकाचा, चाकं वळवणारा गिअरबॉक्स.

हे ऐकून सुमननं सांगून टाकलं, "मी या गाडीत पाय ठेवणार नाही."

तिचं चुकत नव्हतं. पण वापीच्या त्या खड्ड्यांतून तिला रिक्षानं न्यायचं, ही कल्पनाच मला नको वाटायची.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच पाटणकर हजर. मी बोलावलं नव्हतं. नाक्यावर त्यांनी आमची गाडी ऐकली होती. आल्या आल्या सुमनला म्हणाले, "वहिनी, लाटणं द्या."

लाटण्याचं एक टोक त्यांनी स्टिअरिंगच्या दांड्याला लावलं, दुसरं कानाला, आणि डॅशबोर्डखाली उलटे झाले. दारातून फक्त पाय बाहेर. आतून मला हुकूम आला, "देशमुख, फिरवा स्टिअरिंग. हळू. आधी ऐका!" शेजारपाजारचे गोळा झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी पुढची चाकं जॅकवर उचलली. मी स्टिअरिंग फिरवलं. कर्रर्र! "म्हणजे टायरांचा दोष नाही. चाकांवर ओझं नाही, तरी ओरडतोय." नंतर त्यांनी पान्यानं दांडा खालच्या बॉक्सपासून मोकळा केला. आता ते स्वतःही गंभीर झाले. "आता आवाज बंद झाला, तर जयंतीभाई खरे. बॉक्स दुखावलाय. मग वहिनींनी बसायचं नाही."

मी स्टिअरिंग धरलं. सुमन पायरीवर उभी होती, हात पोटावर. मी फिरवलं.

कर्रर्र!

इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"रुसलाय!" पाटणकर गाडीतून ओरडले आणि बाहेर येताना त्यांचं डोकं थडकलं. "बॉक्स ठणठणीत आहे! वर, जिथं दांडा नळीतून जातो ना, तिथला बुश, दांड्याभोवतीचं कडं हो, वाळून फुटलाय. दांडा नळीला घासतोय, बस!"

ते तडक कारखान्यात गेले, लेथवर नायलॉनचा नवा बुश कातून दुपारी परतले. बुश बसवला, ग्रीस भरलं, सगळे बोल्ट पुन्हापुन्हा आवळले. आधी एकट्यानं गाडी फिरवून आणली. मग म्हणाले, "बसा वहिनी."

सुमन पुढं बसली. मी नाक्यावर गाडी पूर्ण वळवली. हूं नाही की चूं नाही! पानवाल्यानं मान वर केली नाही. मी मुद्दाम जयंतीभाईंच्या गॅरेजसमोर दोन चकरा मारल्या. मागच्या सीटवर पाटणकर एखाद्या नवरदेवासारखे ताठ बसले होते. त्याच आठवड्यात वापीला जाऊन आलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं छान आहे.

पण वापीहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटणकर पुन्हा दारात. "एक ट्रायल घेऊ. मला बारीक काहीतरी ऐकू आलं." आम्ही जवळच्या दादरा गावापर्यंत गेलो, तिथल्या वनगंगेच्या बागेत भेळ खाल्ली, परतलो. त्यानंतरच्या संध्याकाळीही तेच. मागच्या सीटवर बसून ते सुमनला डोहाळे विचारायचे, मोठा मुलगा तान्हा असताना कसा रडायचा ते सांगायचे. मुलांच्या शिक्षणामुळं त्यांचं घर नाशिकलाच होतं. ते इथे एका खोलीत राहायचे.

मी मात्र वैतागलो. घरी सुमनला म्हणालो, "अहो, या गाडीत आता कसलाही आवाज नाही. यांना काय ऐकू येतं?"

सुमन म्हणाली, "त्यांना कुठं काय ऐकू येतंय? माणसं हवीत त्यांना. तुम्ही गप्प बसा."

पुढच्या संध्याकाळी फेरीनंतर त्यांना खोलीपाशी सोडलं. ते उतरले, दार लावलं, तरी घुटमळले. या खेपेला त्यांना उद्याचं निमित्त सुचत नसावं.

सुमननं काच खाली केली. "भावजी, वळताना मलाही बारीक काहीतरी ऐकू आलं हं. उद्या याल का?"

पाटणकरांनी चष्मा काढून पुसला.

"येतो की," ते म्हणाले. "असले आवाज एका दिवसात सापडत नाहीत, वहिनी."