गिटारवर टेकवलेलं पातेलं

गरम पातेलं हातात असताना माणसानं विचार करू नये. (मी एरवीही करत नाही, पण त्या रविवारी केला.) ओट्यावर जागा नव्हती, बोटं भाजत होती आणि दिवाणावर मेहुण्याची गिटार आडवी पडली होती. सपाट, गुळगुळीत, ऐसपैस. म्हटलं, एक मिनिट टेकवू. टेकवलं.

पांढऱ्या रश्श्याचं ते पातेलं उचललं, तर खाली तेवढाच पांढरा गोल! पुसला, जाईना. घासला, जाईना. रस्सा सांडलाच नव्हता, पॉलिशच आतून धुरकट झालं होतं.

मेहुणा राजवर्धन म्हणजे तालमीतला गडी. गिटार वाजवतो कमी, मिरवतो जास्त, कारण तिच्यावर एका कार्यक्रमात मिळवलेली बड्या गायकाची सही आहे. त्याच्या घरी रंगकाम चाललंय म्हणून ती आमच्याकडे आलेली. संध्याकाळी तो न्यायला येणार होता. दुसऱ्या दिवशी गडमुडशिंगीहून मुलीकडचे पाहुणे येणार, त्यांना ती सही दाखवायची होती.

"काय केलासा ओ हे?" बायको, संयोगिता, ओरडली. "उचलून आपटंल की तुम्हास्नी!"

"मग तू मधी पड की."

"मी? मी कडंला बसून बघणार."

आरडाओरडा ऐकून शेजारचे कृष्णातराव आले. (त्यांना कुठलाही विषय चालतो.) "ओल शिरलीया आत. ड्रायर मारा, मग स्पिरिटचा बोळा हळूच फिरवा. घासायचं न्हाय बरं का!"

ड्रायर मारला. गोल विरळ झाला. बोळा फिरवला आणि गोल गेला! साफ! मला इतका आनंद झाला की बोळा तसाच पुढं नेला, म्हटलं सगळीकडं सारखी चमक येऊ दे. चमक आली. बोळा मात्र काळा झाला.

"अहो," संयोगिता हळूच म्हणाली, "सही कुठं हाय?"

सही बोळ्यात होती.

दिवाणखान्यात येरझाऱ्या घातल्या, दोनदा पाणी प्यालो, खिडकीतून राजवर्धनची बुलेट दिसतेय का बघितलं. पण घाबरलो तरी मी क्लार्क आहे. शाहूपुरीतल्या ऑफिसात दिवसभर तारखेसकट सह्याच ठोकतो. फॅमिली ग्रुपवर त्या सहीचा फोटो होता, घरात डब्यांवर नावं टाकायचा मार्कर होता. श्वास रोखला आणि एका झटक्यात सही ओढली. हुबेहूब! संयोगितानंसुद्धा मान डोलावली, आणि असं आमच्याकडं फारसं होत नाही.

तेवढ्यात खाली बुलेट थांबली.

"दाजी, चकाकतीया की ओ!" राजवर्धननं गिटार उचलली. "पुसून ठेवलासा व्हय?"

"घरचीच वस्तू," मी छाती काढून म्हणालो.

त्यानं ती उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिला. "दाजी, त्यो कार्यक्रम गेल्या वर्षी झाला न्हवं?"

"व्हय की."

"मग सहीखाली आजची तारीख कशी?"

मी संयोगिताकडं बघितलं. तिनं खुर्ची ओढून घेतली होती आणि ती कडेला बसली होती.