गळे चाचपणारे दाजीकाका

मूल पाया पडलं की लोक त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. आमच्या ठाण्याचे दाजीकाका गळा चाचपत. मुंजीतला बटू असो की बोहल्यावरची नवरी, आधी जबड्याखाली बोटं, मग अक्षता. "मऊ आहे, मऊ आहे! चालू द्या!" असं ते म्हणेपर्यंत भटजीसुद्धा खोळंबून राहत.

काका सरकारी देवी काढणारे, म्हणजे देवीची लस टोचणारे, त्यामुळे पोरं त्यांना आधीच भ्यायची. ते दिसले की आळी ओस पडे आणि आमची धाकटी गपगुमान दुधाचा पेला रिकामा करी.

गावोगाव हिंडताना काकांना काही मुलांच्या गळ्याशी कठीण, वाढत जाणाऱ्या गाठी आढळल्या होत्या. वैद्यबुवा म्हणत, असली गाठ म्हणजे अर्बुद, तो उतारवयाचा रोग, पोरांना होत नाही. "मग त्या गाठीला कुणीतरी पंचांग दाखवा!" काका कडाडत. खरं भांडण मुनशिपालटीत, मृत्यूची नोंद करणाऱ्या गणू कारकुनाशी. गणू प्रत्येक मुलापुढे 'ताप' लिहून मोकळा होई.

"अरे, गाठीने गेलं ते!"

"शेवटी अंग तापलं होतं ना? मग ताप."

"सगळ्यांनाच ताप लिहिलास तर गाठी वाढतायत की घटतायत, कळणार कसं?"

"कळून मला काय बढती मिळणार आहे?"

मग एका वर्षी मिठागरावरच्या आगऱ्याची लहानगी जानी त्यांच्या बोटांखाली आली. काका 'मऊ' म्हणाले नाहीत. मोठ्या डॉक्टरानेही हात टेकले. तेव्हापासून काका रोज संध्याकाळी खाडीकडे, जानीच्या झोपडीत जाऊ लागले. एकदा मीही गेलो. पाहतो तर काका चटईवर आडवे आणि जानी त्यांचा गळा चाचपतेय!

"काका, तुमाला बी गाठ हाय. निजा गुमान. बोलायचं नाय."

ज्यांना कलेक्टरही गप्प करू शकला नव्हता, ते काका डोळे मिटून निजले. तिने औषध म्हणून बत्तासा भरवला, तर तोंड कडू करून गिळलादेखील. मी पोट धरून हसलो आणि बाहेर आल्यावर मला रडू फुटलं.

पावसाळ्याआधी जानी गेली. बापाला उठवेना, म्हणून नोंद करायला काका निघाले, मी सोबतीला. या खेपेला गणूने आपणहून टाक उचलला. "काका, गाठ लिहितो. ताप नाही लिहीत."

काका मेजाची कड धरून उभे होते.

"थांब रे जरा," ते म्हणाले. "तू लिहिलंस की ती गेली."

गणूने टाक खाली ठेवला आणि काकांना बसायला स्वतःची खुर्ची दिली.