डाव्या बाजूची काच

आमच्या मांडवगण फराट्यात मोटारी पुष्कळ झाल्यात, पण निघण्याआधी आपल्याच मोटारीला हिरवा झेंडा दाखवणारा माणूस एकच. रंगनाथ आप्पा. आधी बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, पुढच्या डाव्या सीटवर बसवायचं. दार लावायचं. मग गाडीच्या मागं जाऊन ताठ उभं राहायचं, शिट्टी फुंकायची, झेंडा हलवायचा. तो गुंडाळून काखेत मारायचा आणि पुढं येऊन ड्रायव्हरच्या जागी बसायचं. बसल्यावर आरशात बघून मान डोलवायची, म्हणजे गार्डाचा झेंडा ड्रायव्हरला दिसला. मगच चावी फिरते.

मी एकदा न राहवून विचारलं, "आप्पा, दाखवता कुणाला?"

"डायवर येगळा, गार्ड येगळा. दोघं एकाच अंगात आले म्हणून कायदा बदलतो व्हय?"

मी कपाळावर हात मारला.

आप्पा रेल्वेतले. अख्खी नोकरी दौंडला गार्ड म्हणून केली. हल्ली त्या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात हे त्यांना बिलकुल मान्य नाही. "मॅनेजर ब्यांकेत असतो," म्हणतात. रिटायर झाल्यावर गावी आले, माझ्या दुकानासमोर घर बांधलं, एक जुनी छोटी मोटार घेतली. माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे. दुकानाबाहेर एक बाकडं आहे, ते मी गिऱ्हाइकांसाठी टाकलं होतं. त्यावर आप्पा बसतात, गिऱ्हाईक उभं राहतं.

रेल्वे सुटली तरी रेल्वेची भाषा काही सुटली नाही. दुकानात पाऊल टाकायच्या आधी बाहेरून ओरडतात, "लाइन क्लियर हाय का?" माझी बायको चहा करायला आत गेली आणि जरा उशीर झाला की म्हणतात, "चहा आऊटरला उभा हाय वाटतं," म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला अडकलेला. घरात काकींनाही तेच. भाकरी ताटात यायला वेळ लागला की, "भाकर आऊटरला हाय?" काकी काही ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत. त्या चुलीपासून उत्तर देतात, "व्हय, आन् सिग्नल माझ्या हातात हाय. जास्ती बोलाल तर पॅसेंजर रद्द."

मोटार घेतल्यावर आप्पांना आणखी एक नाद लागला, विम्याचा. आमच्याकडं लोक विमा उतरवतात तो पोलिसानं अडवलं तर दाखवायला. स्वस्तातला, दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा. आप्पांनी मात्र पूर्ण विमा उतरवला, आणि वर पॉलिसी वाचली! छापलेली पॉलिसी शेवटपर्यंत वाचणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. भिंग लावून बाकड्यावर मोठ्यानं वाचायचे आणि युरिया न्यायला आलेल्या माणसाला धरून समजावायचे, "रबराला घसारा हाय, पलास्टिकला घसारा हाय. म्हंजी जुनं झालं की कंपनी पैसे कापती. पर काचंला घसारा न्हाई. काच म्हातारी व्हत न्हाई, ध्यानात ठेव." तो बिचारा युरियाची गोणी खांद्यावर घेऊन "व्हय व्हय" करत उभा.

आणि क्लेम? आप्पांनी आजवर एकही क्लेम केला नव्हता. क्लेम न करणाऱ्याला कंपनी पुढच्या हप्त्यात सूट देते, ते त्यांना मेडल वाटायचं. "नोकरीत डाग न्हाई, इम्यातबी डाग न्हाई," असं छातीवर हात ठेवून सांगायचे.

मग ऊसतोडणीचा हंगाम आला. आमच्या भागात हंगाम म्हणजे रस्त्यावर ट्रॅक्टर आणि त्यामागं उसानं फुगलेल्या ट्रॉल्या. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबतो. शहाणा माणूस लांबूनच राहतो.

त्या दिवशी सकाळी मी दुकान उघडून उदबत्ती लावत होतो, तर रस्त्यावर मोठ्ठा आवाज झाला. धावत बाहेर आलो. आप्पांची गाडी माझ्या दुकानाच्या तोंडावर आडवी, डाव्या बाजूच्या काचेचा पार चुरा, आणि एक लांबलचक ऊस खिडकीतून आत घुसून सीटच्या पाठीला, डोक्याच्या उंचीवर, रुतलेला. ट्रॉली पुढं निघून गेलेली. काकी खाली वाकलेल्या. त्यांची लेक सुवर्णा दौंडला रेल्वे कॉलनीत असते, दिवस भरत आलेले, तिच्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन निघाल्या होत्या. डबा पायाशी घरंगळला म्हणून त्या तो उचलायला वाकल्या आणि वरून ऊस गेला. नशीब, दुसरं काय! केसांत काचेचे खडे, बाकी ओरखडासुद्धा नाही. मी आणि बायकोनं त्यांना उतरवून बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं.

जमलेल्या लोकांनी ट्रॉलीवाल्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. मीही दोन-चार शिव्यांची भर घातली. आप्पा मात्र घरात गेले आणि दोन लाल झेंडे घेऊन आले. एक गाडीच्या पुढं रोवला, एक मागं.

"आप्पा, गाडी बाजूला घेऊ या," मी म्हणालो.

"हात लावायचा न्हाई. अपघाताची जागा हाय. विन्स्पेक्शन व्हईस्तवर काय बी हालवायचं न्हाई."

मला वाटलं, तासाभराचा खेळ असेल. कसला तासाभराचा! दुसऱ्या दिवशीही गाडी तिथंच. तिसऱ्या दिवशीही. माझ्या खताचा टेम्पो आला, तो मागं घेता येईना, हमालांनी गोण्या लांबून वाहिल्या आणि जाताना मला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. गिऱ्हाइकं लाल झेंडे बघून परस्पर दुसऱ्या दुकानात जायला लागली. माझं डोकं फिरलं.

"काच कितीशी असती? खिशातून बसवा आणि मोकळे व्हा," मी म्हणालो. "क्लेम केला तर तुमची ती सूट जाईल. मेडल जाईल तुमचं."

"जाऊ दे मेडल," आप्पा म्हणाले. हा माणूस असं बोलेल हे कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं.

पहारा मात्र कडक. खुर्ची टाकून गाडीजवळ बसायचे. जेवायलाही तिथंच. एकदा डुलकी लागली आणि शेजारच्या शेळीनं खिडकीत तोंड घालून त्या उसाचा हिरवा पाला ओरबाडायला सुरुवात केली. आप्पा जागे झाले आणि "पुरावा! पुरावा खाल्ला!" असं ओरडत शेळीमागं धावले. शेळी पुढं, आप्पा मागं, आप्पांच्या मागं शेळीची मालकीण. सगळी आळी पोट धरून हसली. मीही रागात असून हसलो.

हसत नव्हत्या त्या काकी. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. एसटीची पायरी चढवत नाही, जीपमध्ये कोंबून बसवत नाही. आप्पांची गाडी हाच काय तो त्यांचा दौंडचा रस्ता. सुवर्णाचा रोज फोन यायचा, "आई, कधी येतीस?" पहिलंच बाळंतपण, सासू हयात नाही, पोरगी घाबरलेली. काकी दारात उभ्या राहून आप्पांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "लेक तिकडं वाट बघतीया, आन् ह्यांची गाडी पंचनाम्याला बसलीया!" मी म्हणालो, माझ्या पिकअपमधून सोडतो. काकी पिशवी घेऊन निघाल्यासुद्धा. आप्पा आडवे आले. "हंगाम हाय. रस्त्यानं ट्रॉल्या हायेत. न्हाई जायचं." असे ओरडले की मी चावी परत खिशात टाकली. हट्टी म्हातारा! मनातल्या मनात म्हणालो, मेलास तरी तुझ्या तिरडीला आधी हिरवा झेंडा दाखवावा लागेल.

शेवटी एकदाची शिरूरहून सर्व्हेअर आली. विमा कंपनीकडून नुकसान बघायला येतात त्यांना सर्व्हेअर म्हणतात. विशी-पंचविशीतली मुलगी, स्कूटीवर, तोंडाला स्कार्फ. तिनं गाडी बघितली, लाल झेंडे बघितले, आणि आप्पांकडं बघून तिचा हात आपोआप सलाम ठोकायला वर जायचा बाकी राहिला. आप्पांनी कडक इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म घातला होता. नोकरीतला. पोटावर बटण लागत नव्हतं, तिथं सेफ्टी पिन होती.

"अहो आजोबा," ती म्हणाली, "मी तुम्हाला पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं ना? मोबाईलवर फोटो काढून पाठवा आणि वर्कशॉपला काच बसवून घ्या. एका काचेसाठी यायची गरजच नव्हती."

म्हणजे? मी आप्पांकडं वळलो. एवढे दिवस माझं दुकान अडवलं, काकींना अडवलं, ते कशासाठी? तोंड उघडणार तेवढ्यात आप्पा सावधानमध्ये उभे राहिले.

"बयान घ्या," म्हणाले.

"कशाचं बयान?"

"अपघाताचं. ट्रॉलीवाला आपल्या लाइनीत व्हता. त्याची काय बी चूक न्हाई. काच डावी फुटलीया, बघा. म्हंजी म्या उजवीकडून पुढं घालीत व्हतो. समोर वळण. ही सांगत व्हती, थांबा, कशाला घाई करताय. म्या थांबलो न्हाई." आप्पांनी सीटमध्ये रुतलेल्या उसाकडं बोट दाखवलं. "सबंध नोकरीत म्या आख्ख्या गाड्या थांबीवल्या. हिच्यासाठी मला एकडाव थांबता आलं न्हाई. लिहा."

आम्ही सगळे जण त्या ट्रॉलीवाल्याला शिव्या देत बसलो होतो. आणि आप्पा खुर्ची टाकून राखत होते तो पुरावा स्वतःविरुद्धचा होता. रेल्वेत अपघात झाला की चौकशी बसते, कुणाची चूक ते ठरतं, शिक्षा होते. आप्पा त्या चौकशीची वाट बघत होते.

मुलगी गोंधळली. मग हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, तुमचा विमा पूर्ण आहे. यात चूक कुणाची ते आम्ही बघत नाही. लायसन आहे, पॉलिसी चालू आहे, काच फुटली, काच मिळणार. तुमचा क्लेम पास आहे."

"नापास करा," आप्पा म्हणाले.

"अहो, असं कसं..."

"चौकशीच न्हाई? दोष कुनाचा ते कुनीच ठरवायचं न्हाई?" आप्पांनी तिच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. एवढं केविलवाणं तोंड मी कुणाचं पाहिलं नाही. माझा सगळा राग जागच्या जागी विरघळला.

तेवढ्यात काठी टेकत काकी रस्ता ओलांडून आल्या.

"दोष मी ठरवती," म्हणाल्या. "शिटावर मी बसले व्हते, का ही पोरगी? चूक तुमची. शंभरदा तुमची. तवा आइकलं न्हाई, जल्मात कवाच आइकलं न्हाई. झालं समाधान? पर मी जित्ती हाय नव्हं? जिवावरचं काचंवर निभावलं. देवानं सोडलं, कंपनीनं सोडलं, आन् तुम्ही मलाच घरात डांबून ठिवलंय."

"तू परत त्या शिटावर बसशील?" आप्पांनी विचारलं. खरं विचारायचं होतं ते हेच होतं, एवढ्या दिवसांत जिभेवर आलं नव्हतं.

"मंग काय ट्रॉलीवर बसू?"

सर्व्हेअर मुलगी खुदकन हसली, आणि हसता हसताच तिनं स्कार्फनं डोळे टिपले. आप्पा युनिफॉर्मच्या बाहीत तोंड घालून रडायला लागले. भर रस्त्यात, पोरासारखे. काकी "आता पुरं, लोक बघत्यात" म्हणत त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मुलीनं पटापट फोटो काढले. काच दौंडच्या वर्कशॉपलाच बसवा, मी त्यांना कळवते, म्हणाली. मी सीटवरचे काचेचे खडे झाडले. सीटमध्ये रुतलेला ऊस आप्पांनी स्वतः ओढून काढला आणि रस्त्याच्या कडेला असा भिरकावला की बस्स. काकी पिशवी मांडीवर घेऊन त्या बिनकाचेच्या खिडकीशी जाऊन बसल्या. गाडी निघाली. माझ्या दुकानाचं तोंड मोकळं झालं आणि माझ्या छातीवरचा धोंडाही उतरला. बघतो तर पुढं वळणावर एक ट्रॉली चाललेली. आप्पा तिच्या मागं, लांबून, बैलगाडीच्या चालीनं.

अंधार पडायला काकींचा फोन आला.

"पोचलो बाबा. काच बसली. सुवर्णी बरी हाय, लाडू खातीया. डागदर म्हणत्यात अजून येळ हाय."

"बरं झालं काकी. वाट बरी होती ना?"

"कसली बरी! ट्रॉलीमागं ट्रॉली. एक बी वलांडली न्हाई ह्या माणसानं. समोरून रस्ता पार नदीपतूर रिकामा, पुढं घाला म्हणून म्या घसा कोरडा केला, पर न्हाई." मग आवाज खाली आला. "आन् समद्या वाटंनं एकच. रस्त्यावरची नजर काढायची न्हाई आन् इचारायचं, 'इंदे, हायस ना?' म्हणलं, हाय की, शेजारीच बसलीय. जरा पुढं गेलं की परत, 'हायस ना?'"