खुशाली पाठवण्याची रीत

दूरदेशी गेलेल्या माणसाला घरची खबर वेळेवर कळली पाहिजे, यावर सर्वांचं एकमत आहे. ती खबर खरी असावी की नाही, एवढ्या किरकोळ बाबीवर मतभेद असू शकतात. आमच्या घराण्याने ते केव्हाच मिटवले आहेत.

आमच्याकडे, नारीनच्या डोंगरात, मृत्यूची बातमी फोनवर सांगत नाहीत. ती माणसाला समोर बसवून, हातात चहाचा वाडगा देऊन, जाणत्या माणसाने आडवळणाने सांगायची असते. माझ्या लहानपणी यासाठी एक म्हातारा खिंड ओलांडून घोड्यावरून येई. "तुझ्या हातावरचा ससाणा उडाला गं," एवढंच म्हणे, आणि ऐकणारीला कळे. मग तिचं रडू ओसरेपर्यंत तो शेजारी बसून राही. आता घोडा लागत नाही, म्हातारा लागत नाही, शेजारी बसणंही लागत नाही. याला प्रगती म्हणतात.

अडचण एवढीच, की आमची निम्मी माणसं शिकागोत ट्रक चालवतात. 'वाईट बातमी सांगण्यासाठी' म्हणून तिथला व्हिसा कोणी देत नाही. तेव्हा तिकडचा माणूस परत येईपर्यंत इकडचे मेलेले जिवंत ठेवावे लागतात. हे खातं माझी सून सैरा सांभाळते. 'सात पिढ्या' नावाचा आमचा फोनवरचा गट तिच्याच हाती आहे (सातांपैकी चार पिढ्या कबरीत आहेत, पण गटातला त्यांचा सहभाग समाधानकारक आहे).

सैराचं काम वाखाणण्याजोगं आहे. साठी उलटली, की ती प्रत्येकाचे फोटो आगाऊ काढून ठेवते: हिवाळी कोटातला एक, उन्हाळी सदऱ्यातला एक, ईदच्या टोपीतला एक. माझा दीर कादिर दोन हिवाळ्यांपूर्वी गेला. त्याचा मुलगा शिकागोत असल्यामुळे कादिर तेव्हापासून दर सणाला सगळ्या शिकागोला सलाम पाठवतो. जिवंतपणी हा माणूस दारात आलेल्याला 'बस' म्हणत नसे. माझा थोरला भाऊ सागिनबाय याच्याशी तर त्याने बोलणंच टाकलं होतं, कारण भर शर्यतीत सागिनबायने त्याच्या घोड्याला गाढवाचा मावसभाऊ म्हटलं होतं. मेल्यापासून मात्र तो सागिनबायच्या गुडघ्यांची नियमित चौकशी करतो.

सागिनबाय म्हातारपणी शिकागोला आपल्या मुलाकडे, एर्मेककडे, राहायला गेला. दर शुक्रवारी सकाळी आम्ही बोलत असू. तिथलं मटण म्हणजे भिजलेलं चामडं, तिथला बर्फ म्हणजे नुसता चिखल, सून जेवण खोक्यातून मागवते, अशा तक्रारी तो करी. मधेच अशी शिंक देई, की आमच्या अंगणातलं कुत्रं उठून बसे.

"काय गं," त्याने एकदा विचारलं, "कादिर मेला का?"

"असं काय बोलतोस, दादा?"

"मग इतका गोड कसा बोलायला लागला?"

"वय झालं. सुधारला," मी म्हणाले. (रीत म्हणजे रीत.)

यंदा नवरोजच्या आधी दादाच्या तक्रारी बंद झाल्या. त्याऐवजी फोटो यायला लागले आणि खाली मजकूर: 'बाबा मजेत आहेत. सगळ्यांची फार आठवण काढतात. मटण उत्तम मिळतं.'

मी सैराला एर्मेकला फोन लावायला सांगितलं.

"दादा कुठाय रे?"

"झोपलेत, आत्या."

"गेल्या शुक्रवारीही झोपला होता."

"वय झालं ना आता."

"मग उठवू नको. नाकाशी नुसती मिरपूड धर. मला शिंक ऐकव, बाकी काही नको."

एर्मेक पडद्याच्या कडेला कुठेतरी बघायला लागला.

"आई, ठेवू या, रेंज जातेय," सैरा म्हणाली. (रेंज उत्तम होती. एर्मेकच्या भिवईचे केस मोजता आले असते.)

आमची शुक्रवारची सकाळ म्हणजे त्यांची गुरुवारची संध्याकाळ. एर्मेकच्या मागे त्याची बायको बेगिमाय कढईत बोरसोक तळत होती. कणकेचे हे तुकडे पाहुण्यांसाठी कधीही तळतात. पण गुरुवारी संध्याकाळी तळले, तर ते गेलेल्या माणसासाठी. तेलाचा वास त्याच्यापर्यंत पोचतो. आणि बेगिमायच्या घरी अमेरिकेत गेल्यापासून जेवण खोक्यातून येत होतं.

"बेगिमाय, कोणासाठी तळतेयस गं?"

ती कढईच्या पुढे येऊन उभी राहिली. "मुलांना आवडतात, आत्या."

"तुझी मुलं त्यांना खोडरबर म्हणतात. तूच सांगितलं होतंस."

तेल तेवढं तडतडत होतं. मग फोन बंद झाला.

"कधी?" मी सैराला विचारलं.

"काय कधी, आई?" ती म्हणाली आणि माझा वाडगा भरलेला असूनही त्यात चहा ओतू लागली.

तिचं चूक नाही. हे सांगायला जाणता माणूस लागतो. आमच्या गावात ते जाणणारा शेवटचा माणूस कादिर, आणि तो सध्या सलाम पाठवण्यात गुंतला आहे. त्यामुळे माझा भाऊ गेल्याचं मला अधिकृतपणे कळलेलं नाही, आणि कळलेलं नसताना रडणं अपशकुनी समजतात. शेजारणी मात्र महिनाभर मला साय आणून देत आहेत आणि मी दिसले की हसणं आवरतात. म्हणजे गावाला कळवून झालं होतं. राहिले होते मीच. आजची स्थिती अशी आहे: कादिरचा सलाम शिकागोला जातो, सागिनबायचा नारीनला येतो. दोघांचं इतकं सूत कधी जुळलं नव्हतं.

त्याच सकाळी, तिकडची गुरुवारची संध्याकाळ सरायच्या आत, मी तेल तापत ठेवलं.

"कोणासाठी, आई?"

"पोरांना आवडतात," मी म्हणाले.

सैरा शेजारी बसून कणीक कापायला लागली. बसली, हे खरं. थोड्या वेळाने हात पुसून तिने फोन उचलला.

"आई, जरा वर बघा. कढईजवळचा तुमचा एकही नाहीये आपल्याकडे."

मी वर पाहिलं, हसलेसुद्धा. फोटो छान आला आहे, पुष्कळ वर्षं पुरेल. तुमच्याही घरच्या गटात अशीच एखादी म्हातारी हसत असेल, खाली 'सगळं मजेत' लिहिलेलं असेल, आणि तुम्ही त्यावर लाल बदाम टाकून कामाला लागत असाल. अवश्य लागा. तिने तुमच्याकडे शेवटची तक्रार कधी केली होती, तेवढं मात्र आठवून बघा.